सोयाबीन आलं, ज्वारी गेली. पण विहीर कशानं आटली?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात पाच एकर रान. तीन एकर भारी काळं, दोन एकर उताराचं मुरमाड. वडिलांच्या काळात मूग, तूर आणि रब्बीला ज्वारी. गेली पंधरा-सोळा वर्षं सगळीकडं सोयाबीन, पाणी असेल तर त्यावर हरभरा. पाडव्यापर्यंत पुरणारी विहीर आता संक्रांतीला तळ दाखवते, जमीन कडक झालीय, औतामागं येणारे बगळे-साळुंक्या दिसत नाहीत. तुम्ही विचारता: सोयाबीननं जमीन अन् पाणी खाल्लं का? परत ज्वारी केली तर सगळं जाग्यावर येईल का?

सरळ उत्तर असं की दोष सोयाबीनच्या दाण्यात नाही. सोयाबीन आल्यावर शेतातून ज्या गोष्टी एकेक करून निघून गेल्या, त्यांत आहे. म्हणून नुसतं पीक बदलून फार काही हाती लागणार नाही, आणि सोयाबीन ठेवूनही बरंच परत आणता येतं.

आधी सोयाबीनच्या बाजूनं बोलतो, कारण त्याच्यावर नको तेवढं खापर फुटतं. पंच्याण्णव-शंभर दिवसांचं हे पीक पावसावर येतं, ते तुमच्या विहिरीला तोंड लावत नाही. उलट जुन्या पद्धतीत भारी रानं खरिपात बहुधा पड ठेवून, पाळ्या घालून रब्बीच्या ज्वारीसाठी राखली जायची. म्हणजे जुलै-ऑगस्टच्या जोराच्या पावसात जमीन उघडी. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेनं १९७६ पासून अशाच काळ्या जमिनीवर दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवून मोजल्या. खरीप पड आणि रब्बी पीक या जुन्या पद्धतीत वर्षाला हेक्टरी सहा टनांहून जास्त माती वाहून गेली. रुंद वरंबा-सरीवर खरिपातही पीक घेतलं तिथं दीड टनाच्या आसपास. तेव्हा वडिलांच्या काळातली शेती जमिनीला सगळ्याच बाबतीत मानवत होती, असं समजू नका. तिच्यातलं काय चांगलं होतं ते वेगळं काढून घ्यायचं आहे.

चांगलं होतं ते कॅलेंडर. मूग ऑगस्टअखेर निघायचा, तूर पौषापर्यंत उभी, ज्वारी माघ-फाल्गुनात काढणीला. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत रानात कुठं ना कुठं जिवंत मूळ होतं. आता दसऱ्याच्या आगंमागं सोयाबीन निघालं आणि हरभरा जमला नाही, तर पुढच्या मृगापर्यंत आठ महिने जमीन उघडी तापते. मुळं नाहीत, पालापाचोळा नाही, सावली नाही. गांडुळं आणि बुरशी राहणार कुणाच्या भरवशावर?

दुसरं गेलं ते कडबा-जनावराचं चक्र. बैलजोडीला रोज वीस-बावीस किलो कोरडी वैरण धरली तर वर्षाला साडेसात-आठ टन लागते. रब्बी ज्वारीचा एकरी दोन टन कडबा धरा, म्हणजे एका जोडीमागं साडेतीन-चार एकर ज्वारी हवी. ज्वारी गेली, कडबा विकत घ्यायची वेळ आली, जोडी बाजारात गेली आणि उकिरडा रिकामा झाला. सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीनंतरचं भूस, जनावरं खातात, पण कडब्यासारखी आवडीनं नाही. बहुतेक ठिकाणी बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाची गंजी, जिथं रचली तिथंच मळणी होते आणि गुळीचा ढीग तिथंच पडून राहतो किंवा काडी लावली जाते. म्हणजे चार एकराचं भूस एका गुंठ्यात, बाकी रान उपाशी.

‘सोयाबीन द्विदल आहे, जमिनीत नत्र सोडतं’ हे वाक्यही अर्धंच खरं आहे. दाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, म्हणजे जवळपास साडेसहा टक्के नत्र. एकरी आठ क्विंटल माल विकला की पन्नास किलोवर नत्र पोत्यात भरून अडतीवर गेलं. मुळावरच्या गाठी त्यातलं साधारण निम्मं किंवा थोडं जास्त हवेतून आणतात, उरलेलं जमिनीनं दिलेलं असतं. पानगळ शेतातच राहते हे खरं, पण गुळीही बाहेर गेली तर जमिनीच्या खात्यावर शिल्लक पडत नाही.

आता पाण्याचा हिशोब. हा कागदावर मांडून बघा, म्हणजे विहिरीचं कोडं सुटेल. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर पाणी. सातशे मिलिमीटर पडला तर अठ्ठावीस लाख लिटर. त्यातलं काही वाहतं, बरंचसं पीक आणि ऊन घेतं. काळ्या मातीखालच्या बेसॉल्टात, म्हणजे काळ्या खडकात, मुरून विहिरीपर्यंत पोचणारा वाटा ढोबळमानानं दहा टक्के धरू. एकरी दोन लाख ऐंशी हजार, पाच एकराचे चौदा लाख लिटर. पाच एचपीची मोटर तासाला पंचवीस हजार लिटर उपसते असं धरलं, तर छप्पन्न तासांत तुमच्या रानानं वर्षभरात मुरवलेलं पाणी वर! तीन एकर हरभऱ्याला पन्नास-पन्नास मिलिमीटरची दोन पाणी म्हणजेच बारा लाख लिटर. पूर्वी रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर यायची. मीटरभर खोल काळी माती दीडशे-दोनशे मिलिमीटर ओल पिकाला देऊ शकते. आता सोयाबीननं वरची ओल नेलेली असते, मग हरभऱ्याला विहीर लागते. संक्रांतीला तळ दिसण्याचं मोठं कारण हे.

शेजारी ऊस असेल तर विचारायलाच नको. उसाला दोन हजार मिलिमीटर धरले तरी एकरी ऐंशी लाख लिटर लागतात, म्हणजे वर काढलेल्या हिशोबानं अठ्ठावीस-तीस एकरांत मुरलेलं पाणी. जमिनीखालचं पाणी कुणाचा सातबारा बघून थांबत नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ लातूरवर आली, त्यामागं पावसाची तूट होतीच, पण खोल बोअरचा आणि उसाचा हिशोबही होता. भूजल कायद्यानं साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. प्रत्यक्षात काय चालतं ते आपण सगळेच बघतो. तुमच्या विहिरीच्या शेदोनशे फुटांवर कुणी खोल बोअर घेतला असेल, तर तुम्ही रानात काहीही केलं तरी सुधारणा अर्धीच दिसेल, हे आधी सांगून ठेवतो.

कडकपणाबद्दल बोलण्याआधी तीन गोष्टी स्वतः करून बघा. खर्च शून्य.

पहिली: रान ओलं असताना आठ मिलिमीटरची लोखंडी सळई हातानं दाबत न्या. पाच-सहा इंचांवर एकदम अडली आणि जोर दिल्यावर पुढं सुटली, तर तिथं थर बसलाय. दरवर्षी त्याच खोलीवर फिरणाऱ्या रोटाव्हेटरच्या पात्यांनी आणि ओल्या रानात घातलेल्या ट्रॅक्टरनं तो बसतो. मग तिथंच फूट-दीड फूट खड्डा घेऊन सोयाबीनचं किंवा तुरीचं मूळ बघा. थराला टेकून ते आडवं वळलेलं दिसेल.

दुसरी: सहा इंच व्यासाचा पाइपचा तुकडा घ्या आणि दोन इंच जमिनीत ठोका. आत साडेचारशे मिली पाणी ओता. तो झाला इंचभर पाऊस. मुरल्यावर परत तेवढंच ओता आणि दुसऱ्या वेळचं घड्याळ लावा. एक मोजणी रानात, एक जुन्या बांधावर लिंबाखाली. कोरड्या, भेगाळलेल्या रानात हे करू नका. पाणी भेगेतून क्षणात खाली जातं आणि जमीन फार छान मुरवते असा भ्रम होतो. ओली काळी माती मुळातच सावकाश मुरवते, म्हणून आकड्यापेक्षा दोन जागांमधला फरक महत्त्वाचा.

तिसरी: सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात पाण्यात अलगद सोडा. काळ्या मातीचं ढेकूळ फुटणारच, त्याला घाबरू नका. दोन तासांनी बघायचं ते पाणी. तुकडे तळाशी बसून वरचं पाणी नितळ असेल तर ठीक. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळपणा तसाच राहिला, तर जमिनीत सोडियम वाढलाय, रान चोपण होण्याच्या वाटेवर आहे. बोअरचं पाणी देणाऱ्या रानात हे जास्त आढळतं. अशा वेळी मातीबरोबर पाणीही तपासा. नुसता सामू नको, क्षारता आणि आरएससी (पाण्यातलं शिल्लक सोडियम कार्बोनेट) हेही मागा. जिप्सम टाकायचा तर तो या अहवालावरून. दुकानदार सांगतो म्हणून टाकू नका, आणि निचऱ्याची सोय नसेल तर टाकलेला वाया जातो.

थर सापडला तर लगेच सबसॉयलरवाल्याला (खोलवरचा थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार) फोन करायची गरज नाही. एक हंगाम तूर किंवा करडई घ्या. दोन्हींचं सोटमूळ खोल जातं आणि काळी माती वाळताना स्वतःच भेगाळून थर मोकळा करते. तरीही थर राहिला तर एप्रिल-मेमध्ये, जमीन खोलवर कोरडी असताना सबसॉयलर चालवा. ओल असताना चालवला तर तो लोण्यातल्या सुरीसारखा नुसती फट पाडून जातो, आजूबाजूची माती फुटत नाही. आणि पुढच्या वर्षी परत रोटाव्हेटर फिरवणार असाल तर तो खर्चही करू नका.

आता पाच एकरांचं काय करायचं ते. हे भारी जमीन आणि घरची थोडीफार माणसं धरून सांगतोय.

भारी तीनपैकी एक एकर खरिपात मूग किंवा उडीद. पासष्ट-सत्तर दिवसांत रान रिकामं होतं, सप्टेंबरच्या पावसाची ओल शिल्लक राहते आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या मुदतीत मालदांडी किंवा परभणी मोती ज्वारी पेरता येते. सोयाबीन काढून ज्वारी पेरायला गेलात तर मुदत हुकते, ओल कमी पडते आणि मग ‘ज्वारी परवडत नाही’ म्हणायची पाळी येते. ज्वारीची खरी अडचण काढणीची मजुरी, पाखरं आणि रानडुकरं ही आहे. म्हणून एकच एकर म्हणतोय. घरच्या माणसांत काढता येईल एवढीच. कडबा विकू नका. कडबा विकला तर ज्वारी पेरण्याचं निम्मं कारण गेलं.

उरलेल्या दोन भारी एकरांत सोयाबीन-तूर, चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर. तुरीला बदनापूरचं बीडीएन-७११ हे वाण लवकर येणारं आहे, पाण्याचा ताण पडायच्या आत निघतं. सोयाबीन निघाल्यावर तूर पसरते, पानं गाळते आणि दिवाळीनंतरही रानावर छप्पर राहतं. इथं हरभरा नाही, म्हणजे विहिरीवरचा ताणही कमी. बाकी ठिकाणी हरभरा केलाच तर पन्नास मिलिमीटर सोडू नका. तुषारनं तीन तास म्हणजे साधारण तीस मिलिमीटर पुरतं. भारी रानात फुलं लागताना एक पाणी बहुतेकदा पुरे होतं. जास्त दिलं की हरभरा माजतो, घाटे कमी आणि मर रोग जास्त.

पेरणी रुंद वरंबा-सरीवर करा. वरंब्यावर सोयाबीनच्या चार ओळी, दोन्ही बाजूंना फूट-दीड फुटाची सरी. बियाणं एकरी तीस किलोऐवजी बावीस-चोवीस किलोत भागतं. कमी पावसात सरी पाणी धरते, जास्त झाला तर काढून देते. चूक एकच होते, पण महागात पडते: ट्रॅक्टरवाला वळणं वाचवण्यासाठी उताराच्या दिशेनं सऱ्या पाडतो, आणि एका मोठ्या पावसात प्रत्येक सरीची घळ होते. सऱ्या उताराला आडव्याच हव्यात, शेवटाकडं शंभर फुटांत अर्धा फुटाच्या आसपास ढाळ ठेवून, आणि त्यांचं पाणी गवत असलेल्या चरात उतरलं पाहिजे. यंत्र मिळालं नाही तर तीस-पस्तीस दिवसांच्या कोळपणीला कोळप्याला दोरी गुंडाळून दर चार ओळींनंतर सरी काढा.

मुरमाड दोन एकरांत सोयाबीनचा हट्ट सोडा. फूटभर मातीत पंधरा दिवसांची उघडीप पडली की शेंगा वाळतात. तूर-बाजरी चालेल, वरच्या टोकाला अर्धा एकर गवत आणि सीताफळ राहिलं तर खालच्या विहिरीला त्याचाच जास्त उपयोग.

गुळीचं काय? मळणी झाल्याबरोबर, वाऱ्यानं उडायच्या आत खड्ड्यात. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन खोल. वीतभर गुळीचा थर, त्यावर शेणकाला, पाणी, परत थर. वर मातीनं लिंपा. महिन्यानं आणि दोन महिन्यांनी पालटा. मुठीत दाबल्यावर बोटांत ओल जाणवावी, पाणी गळू नये. कोरडा ढीग वर्षानुवर्षं कुजत नाही, आणि अर्धवट कुजलेलं खत शेतात नेलं की हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, बरोबर येते. कच्ची गुळी मेमध्ये रानात गाडली तर ती कुजताना नत्र ओढते आणि जुलैत सोयाबीन पिवळं दिसतं. लोक त्याला रोग समजून फवारत बसतात.

सेंद्रिय कर्बाचा अहवाल दरवर्षी काढून निराश होऊ नका. एका एकराची वरची सहा इंच माती साधारण आठ लाख किलो असते. कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा म्हणजे आठशे किलो निव्वळ कर्ब तिथं टिकला पाहिजे, आणि खतातला बहुतांश कर्ब तर जिवाणू दोन-तीन वर्षांत खाऊन टाकतात. तीन वर्षांनी एकदा तपासा, त्याच जागेवरची आणि त्याच महिन्यातली माती घेऊन.

पाखरांचं. सोयाबीनचा दाणा पाखरं सहसा खात नाहीत. कणसं गेली तेव्हा त्यांचं धान्य गेलं. बांध कोरून शेतात घेतले, त्यावरच्या बोरी-बाभळी तोडल्या, तेव्हा बसायची जागा गेली. उरलेल्या अळ्या खाऊन जगावं तर वीस-पंचविसाव्या दिवशी तणनाशकात कीटकनाशक मिसळून फवारलेलं. ही फवारणी थांबवा. मीटरभर ओळीत चार अळ्या दिसेपर्यंत पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो आणि कोतवाल, साळुंकी, वेडा राघू बाकी काम करतात, त्यांना एकरी वीसेक पक्षीथांबे दिले तर. हरभऱ्यात पेरताना मूठभर ज्वारी टाकली तर थांबे आपोआप उगवतात.

बांध तीन फूट तरी रुंद ठेवा. मारवेल, पवन्या ही गवतं लावा आणि कापून जनावरांना घाला. यावर पहिला आक्षेप गोगलगायीचा येतो, आणि २०२२ साली लातूर, बीड, धाराशिवकडं शंखी गोगलगायीनं सोयाबीनचं जे केलं ते पाहता तो रास्तच आहे. पण गोगलगाय दिवसा लपते ती ओल्या कचऱ्याखाली, दगडांच्या ढिगाखाली, टाकून दिलेल्या गुळीखाली. कापलेल्या गवताच्या बांधावर तिला तेवढा आसरा नसतो. पहिल्या पावसानंतर गुळाच्या पाण्यात भिजवलेली बारदानं संध्याकाळी बांधालगत टाका, सकाळी खालच्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात मारून पुरा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या एकरी दोन किलो, बांधाच्या कडेनं, आणि कोंबड्या-कुत्री तिकडं फिरकणार नाहीत अशा बेतानं.

झाडं लावताना एक पथ्य. आपल्याकडं रब्बीत सावली उत्तरेला पडते. उत्तरेच्या बांधावर झाड लावलं तर सावली शेजाऱ्याच्या हरभऱ्यावर, आणि मग भांडण तुमच्या दारात. ओढ्याकाठी आणि गाडीवाटेला लावा. करंज, लिंब, बोर, बाभूळ.

शेवटी एक बारीक गोष्ट, पण ज्वारीकडं वळणाऱ्याला हमखास नडते. सोयाबीनवर इमॅझेथापायर हे तणनाशक फवारलेलं असेल आणि नंतर पाऊस कमी झाला असेल, तर त्याचा अंश जमिनीत राहतो आणि त्याला ज्वारी नाजूक आहे. ज्या पट्ट्यात पुढं ज्वारी घ्यायची तिथं ते मारूच नका; पंधरा-वीस आणि तीस-पस्तीस दिवसांनी दोन कोळपण्या द्या. आधीच मारलं असेल तर पेरणीच्या पंधरा दिवस आधी दोन घमेल्यांत माती घ्या, एक फवारलेल्या रानातली, एक न फवारलेल्या बांधाजवळची. दोन्हीत वीस-वीस दाणे ज्वारी टाका. बाराव्या दिवशी पहिल्यातली रोपं खुरटी किंवा जांभळट दिसली तर त्या पट्ट्यात यंदा हरभरा घ्या, ज्वारी पुढच्या वर्षी.

मुरमाड दोन एकरांचा उतार किती आणि खाली माती किती खोल, हे तुमच्या प्रश्नात नाही. चार ठिकाणी खड्डे घेऊन खोली मोजा आणि इथंच लिहा. तिथं आडवे चर किती अंतरावर घ्यायचे हे त्यावरच ठरेल.